उरलेल्या पर्च्यांचा डबा

पार्किंगचं मीटर नावाची वस्तू मी आजवर डोळ्यांनी पाहिलेली नाही. माझी भाची अमेरिकेत असते. तिनं मागे फोनवर तक्रार केली, "मावशी, मीटरची वेळ संपून सातच मिनिटं झाली होती, तर काचेला दंडाचा कागद लावून गेले." मी म्हटलं, "बाई, चाकाला साखळी तर नाही न घातली? मग नशीबवान आहेस." तिला वाटलं मावशी गंमत करून राहिली. माझ्या नोकरीची अर्धी वर्षं त्या साखळीपायी गेली, हे तिला कुठून ठाऊक असणार.

मी रायपुरात गाड्या सांभाळल्या. सांभाळल्या म्हणजे चालवल्या नाहीत, मला स्कूटीच्या पुढे काही येत नाही. तात्यापाऱ्यात आमच्या घरापासून चार पावलांवर भाड्यानं गाड्या देणारी एक एजन्सी होती, तिथं मी बिलं लिहायला लागले. वडील रेल्वेत, मूळचे वर्ध्याचे, बदली होऊन इकडे आले नि इकडचेच झाले. त्यामुळे माझी मराठी अर्धी वऱ्हाडी, अर्धी रायपुरी आहे. संपादकांनी ती धुऊनपुसून घेतली नाही तर बरं.

मी लागले तेव्हा एजन्सीच्या गाड्या चार. लग्नाची वरात नि भिलाईची फेरी, एवढंच काम. मग छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि आमचं झोपाळू रायपूर एका सकाळी राजधानी होऊन बसलं. भोपाळहून साहेब लोक ट्रंका घेऊन उतरू लागले. बसायला खोल्या नाहीत, खोल्या मिळाल्या तर खुर्च्या नाहीत, आणि गाड्या तर नाहीतच. सरकारी खाती भाड्यानं गाड्या घेऊ लागली. दोन वर्षांत आमच्या बत्तीस झाल्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांच्या काचेवर लाल अक्षरात शासनाचं नाव. मालकाला सगळे भाईजी म्हणत. ते एक दिवस म्हणाले, "दीदी, आज से गाड़ियाँ आप देखोगी." पगार तितकाच राहिला, फक्त ड्रायव्हर लोक शोभा दीदीच्या ऐवजी गाडीवाली दीदी म्हणू लागले.

आता पर्चीचं सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. सदर बाजारच्या तोंडाशी एक पैशाचं पार्किंग होतं. फाटकावर माणूस बसे, तो दहा रुपये घेऊन एक पर्ची फाडून देई. पर्चीवर लिहिलेल्या वेळेपासून दोन तास गाडी उभी करायची. मधे बाहेर जाऊन परत आलं तरी तीच पर्ची चाले, वेळ तेवढी उरलेली पाहिजे. वेळ संपली की ठेक्याचा पोरगा साखळी घेऊन यायचा आणि पुढच्या चाकात अडकवून कुलूप ठोकायचा. किल्ली मुन्शीच्या कमरेला आणि मुन्शी पांडेजी नेमके त्या वेळी घरी जेवायला.

लोक म्हणत, पन्नास रुपये दंड, त्यात एवढं काय. दंडाचं काही नसतं हो. साहेब दुकानातून बाहेर येतात, मे महिन्याचं ऊन, हातात कापडाची बोचकी, आणि गाडीच्या पायात साखळी. साहेब भाईजींना फोन लावतात. मी समता कॉलनीतून दुसरी गाडी काढून पाठवते, तर तिकडे तिची सवारी दवाखान्याच्या दारात वाट पाहत बसते. संध्याकाळी साहेबांचं खातं त्या दिवसाचं भाडं कापतं नि वर पत्र लिहितं. अशी तीन पत्रं आली की गाडी खात्यातून परत. गाडी परत आली की ड्रायव्हर घरी. दहा रुपयांच्या कागदाचा तुकडा सात मिनिटं शिळा झाला तर एका घराची चूल विझायची, असा तो धंदा होता.

नमुने तरी किती पाहिले. एक साहेब पर्ची घ्यायचेच नाहीत. म्हणायचे, शासन शासनाच्या जमिनीवर उभं राहायला पैसे देत नसतं. त्यांना तीनदा साखळी लागली आणि तीनही वेळा त्यांनी खाली वाकून कुलपाला स्वतःची ओळख सांगितली, असं ड्रायव्हर सांगत. दुसऱ्या एका साहेबांच्या मॅडम होत्या. त्या बांगड्या घ्यायला जात आणि "बस, पाँच मिनट" म्हणत. त्या पाच मिनिटांत माझा स्वयंपाक होऊन वर भांडी झाली असती. त्यांच्या गाडीवर मी मुद्दाम दुकालूला ठेवलं होतं, कारण तो घड्याळाचा पक्का होता.

दुकालू आरंगकडच्या एका खेड्यातला. दुष्काळाच्या वर्षी जन्मला म्हणून हे नाव. इकडे अशी नावं ठेवतात, त्यात कुणाला वाईट वाटत नाही. शांत माणूस, गाडी आरशासारखी ठेवायचा. त्याच्या जीपमध्ये समोरच्या काचेपाशी धानाच्या लोंब्यांची विणलेली झालर टांगलेली असे. गावात चिमण्यांसाठी दारात टांगतात तशी. मी एकदा विचारलं, गाडीत चिमण्या कुठून येतील? तर म्हणाला, "नहीं आएँगे दीदी, पर गाड़ी को घर लगेगा." त्याला दोन मुली होत्या. त्याच नोकरीच्या भरवशावर त्यानं रायपुरात खोली घेऊन त्यांना इकडच्या शाळेत घातलं होतं.

आता डब्याचं. फाटकाच्या बाहेर केजाबाईचा चहाचा ठेला होता. ड्रायव्हर लोकांची आपसात एक युक्ती चालायची. एखाद्याचं काम अर्ध्या तासात झालं तर तो जाताना आपली पर्ची केजाबाईकडे ठेवून जायचा. पर्चीवर गाडीचा नंबर नसायचाच, फाटकावरचा माणूस घाईत फक्त वेळ लिही. नंतर आमचा दुसरा ड्रायव्हर यायचा, चहा घ्यायचा, पर्ची उचलायचा आणि काचेत लावून आत शिरायचा. "अभी तो गया था भैया, लौटा हूँ." सगळ्या पांढऱ्या गाड्या, सगळ्यांवर लाल अक्षरं. कोण कोणती ओळखणार.

मला कळलं तेव्हा मी रागवायला पाहिजे होतं. मी काय केलं? घरून बिस्किटांचा रिकामा डबा नेला, केजाबाईच्या ठेल्यावर ठेवला आणि नियम केला. जाताना उरलेली पर्ची डब्यात टाकायची. येणाऱ्यानं जिची वेळ सर्वात जास्त उरली ती घ्यायची. ज्याची वेळ संपत आली त्यानंही डब्यातून ताजी उचलायची आणि साखळीच्या आधी काचेत बदलायची. साखळ्या जवळजवळ बंद झाल्या. पत्रं येईनात. भाईजींनी दिवाळीला मला साडी दिली आणि चार लोकांत सांगितलं की हिशेब शिकावा तर दीदीकडून. घरी मी ह्यांना (हेही रेल्वेतलेच) मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर हे म्हणाले, "म्हणजे तू चोरीले शिस्त लावली." मी म्हटलं, तुमच्या रेल्वेत काय चालते ते मले माहीत आहे. तीन वर्षं तो डबा चालला आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

मग तो दिवस आला. दुपारी साडेबाराच्या सुमारास तात्यापाऱ्याच्या चौकात एका पांढऱ्या जीपनं भाजीवाल्या म्हातारीला उडवलं. हात मोडला बिचारीचा, टोपली रस्ताभर. जीप थांबली नाही. कुणीतरी नंबराचे शेवटचे दोन आकडे पाहिले, चार आणि सात. लाल अक्षरंही पाहिली. संध्याकाळी हवालदार आमच्या दारात. आमच्या बत्तीसांत चार-सात एकच होती, दुकालूची.

दुकालू मुळीच घाबरला नाही. म्हणाला, "मैं तो मैडम को लेकर सदर में खड़ा था. बारह बजे से एक बजे तक. पर्ची देख लो." दिवसाच्या पर्च्या संध्याकाळी माझ्याकडे जमा होत. मी तारेला टोचलेल्या पर्च्यांतून त्याची काढली. अकरा वीसची वेळ, म्हणजे एक वीसपर्यंत. मी ती हवालदारासमोर ठेवली आणि मनात म्हटलं, सुटला. देवाशपथ सांगते, त्या घडीला मला डबा आठवलाही नाही, इतकी ती गोष्ट अंगवळणी पडली होती.

हवालदार पर्ची घेऊन पांडेजींकडे गेला. तिथं पावतीपुस्तकाचा दुसरा अर्धा भाग असतो आणि त्यावर मात्र गाडीचा नंबर लिहिलेला असतो. ती पर्ची नरेशच्या गाडीला फाडलेली निघाली. नरेश म्हणजे आमचाच दुसरा ड्रायव्हर. तो पावणेबाराला तिथून निघून गेला होता, पर्ची डब्यात टाकून. बारा वाजता तो शहराच्या दुसऱ्या टोकाला होता आणि तशी त्याच्या साहेबांची लॉगबुकात सही होती. झालं. हवालदार परत आला तो वेगळ्याच आवाजात बोलायला लागला. दुसऱ्याची पर्ची दाखवून सुटायला निघालास? म्हणजे उडवलं तूच. मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मी दुकानात होते, ड्रायव्हर बाहेर काय करतो मला काय ठाऊक. जी पर्ची त्याला वाचवायला काढली होती तिनंच त्याला खोटं पाडलं, आणि ती माझ्याच हातानं काढलेली होती.

एका वाक्यात सगळं सुटलं असतं. डब्याबद्दल सांगायचं, बस. मी तोंड उघडणार तेवढ्यात भाईजींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "दीदी, डब्बा खुला तो ठेकेवाला तीन साल का माँगेगा. दफ्तरवाले बत्तीस की बत्तीस गाड़ी लौटा देंगे. बत्तीस घर हैं. इधर एक है." मला बत्तीसचा आकडा बरोबर वाटला. आज वाटतं, त्या बत्तीस घरांत माझंही एक होतं आणि मला तेच सर्वात आधी दिसलं.

बाहेर आले तर सगळे ड्रायव्हर भिंतीला टेकून उभे. नरेश खाली पाहून राहिला होता. सगळ्यांना ठाऊक, सगळे माझ्या तोंडाकडे पाहत. दुकालूनं स्वतः तरी बोलावं की नाही? तोही डब्याचं नाव घेईना. मला नंतर समजलं, डब्यात माझा हात आहे हे हवालदाराला कळू नये म्हणून तो गप्प राहिला. भाईजींनी त्याच्याकडून गाडीची किल्ली मागितली. त्यानं आधी झालर काढून घेतली, मग किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. हिंदी सोडून आपल्या बोलीत म्हणाला, "मैं उहेंच रहेंव दीदी. तुमन तो जानथव." मी तिथंच होतो, तुम्हाला तर ठाऊक आहे. मी मान खाली घालून किल्लीला नंबराची चिठ्ठी बांधत बसले.

तीन दिवस मी ऑफिसात गेले, आले. बिलं लिहिली. त्याची गाडी नरेशच्या भावाला दिली. घरी हे म्हणाले, "काहून जेवत नाहीस?" मी म्हटलं, पित्त झालं. दुकालूला रोज ठाण्यावर हजेरीला बोलावत होते आणि खोलीच्या मालकानं त्याला आठवड्यात जागा सोडायला सांगितली होती, हेही मला कळलं होतं. कळून मी काय केलं, तर पित्ताची गोळी घेतली.

चौथ्या दिवशी सकाळी केजाबाई ऑफिसात आली. ती कधी आमच्या दारात आलेली नव्हती. डोक्यावर पदर, काखेत तो डबा. माझ्या टेबलावर डबा ठेवला आणि म्हणाली, "एला ले जाव दीदी. मोर ठेला म झन रखव. गरीब के रोजी खा गे ए हर." याला घेऊन जा, माझ्या ठेल्यावर नको, यानं गरिबाची रोजी खाल्ली. माझ्याकडे पाहिलंही नाही, निघून गेली. मी झाकण उघडलं. आत सात-आठ पर्च्या होत्या. तीन दिवसांत ड्रायव्हर लोक पर्च्या टाकत होते, पण उचलली कुणीच नव्हती.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. चहावालीला जे चार दिवस सहन झालं नाही ते मी बिलांखाली दाबून बसले होते. भाईजी यायच्या आत मी डबा पिशवीत घातला आणि ठाण्यावर गेले.

गुन्हा कबूल करायलाही रांग असते हे तिथं कळलं. मला सव्वा तास बाकावर बसवलं. मग हवालदार आला, त्यानं ऐकलं, डबा उघडून पाहिला आणि आधी हसला. मग त्यानं पांडेजींना नि साखळीवाल्या पोराला बोलावलं. मी पोराला विचारलं, त्या दिवशी दुपारी धानाची झालरवाली जीप आत होती का? तो म्हणाला, "हव, वो तो नीम के नीचे खड़ी थी. मैं साँकल लेके दो बार गया, टाइम बाकी था. ड्रायवर अंदर सोया था." मी विचारलं, अरे मग सांगितलं काहून नाही? तो म्हणाला, "किसी ने पूछा कहाँ? सबने पर्ची पूछी." खरंच होतं. आम्ही सगळे कागदाच्या मागे लागलो आणि गाडी पाहणाऱ्या माणसाला कुणी विचारलंच नाही.

दुकालूचं नाव कागदावरून निघालं. म्हातारीचा हातही पुढे जुळला. तिला उडवणारी गाडी कुणाची, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. पांडेजींनी भाईजींकडून भरपाई घेतली आणि आमच्या गाड्यांना फाटक बंद केलं. दोन खात्यांनी सात गाड्या परत पाठवल्या. बत्तीस नाही, सात. त्या सातांच्या ड्रायव्हरांना इकडेतिकडे लावून देता देता माझं वर्ष गेलं. भाईजींनी मला काढलं नाही, पण त्यानंतर कधी चार लोकांत माझं नावही काढलं नाही. साडी आली नाही, आणि मला ती नकोच होती.

ठाण्यावरून परतले त्याच दिवशी दुपारी मी दुकालूच्या खोलीवर गेले होते. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, सकाळीच बिऱ्हाड गावी गेलं. दुसऱ्या दिवशी बसनं त्याच्या गावी गेले. तो अंगणात सायकल पुसत होता. मी सांगितलं, सगळं मिटलं, चल परत, गाडी तुझीच. त्यानं मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या बायकोनं मात्र दारातूनच म्हटलं, "चार दिन लाग गे दीदी." पोरींची नावं शाळेतून काढलेली होती. दुकालू एवढंच म्हणाला, "अब नहीं दीदी. अब इधर ही कुछ देखूँगा." बस येईपर्यंत तो माझ्यासोबत फाट्यावर उभा राहिला, कारण ऊन होतं आणि मी एकटी होते. निघताना मी माफी मागितली की नाही, ते मला आठवत नाही. इतकी वर्षं मी आठवून पाहते आहे. मागितली असती तर आठवलं असतं, असं वाटतं.

पुढे मी अजून पुष्कळ वर्षं गाड्या सांभाळल्या. नवी राजधानी शहराबाहेर माळावर उठली, खाती तिकडे गेली. तिथं एवढी जागा की गाडी कुठेही उभी करा, कुणी विचारत नाही. पांढऱ्या गाड्यांच्या मोठ्या कंपन्या आल्या, साखळ्यांच्या जागी मोबाइलवर चालान येऊ लागलं. बिलांची बारीक अक्षरं दिसेनाशी झाली नि मी घरी बसले. पण सांगू का, मला ते जुनंच आठवत राहतं. केजाबाईचा आलं घातलेला चहा, नीमाखाली ओळीनं लागलेल्या बत्तीस गाड्या, "दीदी, चालीस मिनट छोड़ के जा रहा हूँ" म्हणून येणारे फोन. चोरी होती हे कबूल आहे. पण माणसं आपला उरलेला वेळ एकमेकांसाठी ठेवून जात होती, तेही खरं आहे. दोन्ही एकाच डब्यात होतं.

मागच्या दिवाळीच्या आधी मी सदर बाजारात गेले होते, गळ्यातली जुनी चेन तुटली होती ती जोडायला. त्याच जागेवर आता सिमेंटचं पार्किंग आहे. फाटकावर गळ्यात यंत्र अडकवलेला माणूस असतो, तो टिचकी मारून पर्ची काढतो, आणि तिच्यावर वेळेसोबत गाडीचा नंबरही छापून येतो. मी स्कूटी घेऊन रांगेत उभी होते. बाहेर पडणाऱ्या रांगेतून एक गाडी माझ्या शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली. समोर आरशाला धानाच्या लोंब्यांची झालर टांगलेली होती.

केस पांढरे झाले होते, पण मी ओळखलं. तो म्हणाला, "दीदी." मी म्हटलं, "दुकालू." गाडी त्याची स्वतःची होती. मागे धाकटी मुलगी बसली होती, मांडीवर बाळ. त्यानं तिला सांगितलं, नमस्ते कर, ये हमारी दीदी हैं. मागून हॉर्न वाजू लागले. मला जे बोलायचं होतं ते एवढ्या वर्षांनी अगदी ओठावर आलं आणि मी म्हटलं, "दुकालू, त्या दिवशी मी..."

त्यानं ऐकलं नाही, का ऐकून घेतलं नाही, कोण जाणे. काचेतली पर्ची काढली आणि हात लांब करून माझ्या हातावर ठेवली. "रख लो दीदी. सवा घंटा बाकी है." हसला आणि निघून गेला.

पर्चीवर त्याच्या गाडीचा नंबर ठळक छापलेला. माझ्या स्कूटीला तिचा उपयोग शून्य. फाटकाशी पोचले तेव्हा ती माझ्या हातातच होती. यंत्रवाल्यानं पाहिली नि म्हणाला, "माताजी, ये तो कार की है. किसी और की."

"मालूम है," मी म्हटलं. "मेरे लिए छोड़ी है."

मग पर्स उघडून ती आतल्या कप्प्यात ठेवली, आणि माझ्या पर्चीचे पैसे काढून दिले.